मापात न बसलेलं मरण

(पडदा काळा. दुरून बायकांचे स्वर येतात. मग एक जड घाव.)

हा आवाज गिलोटिनच्या, म्हणजे शिरच्छेदाच्या यंत्राच्या पात्याचा. फ्रान्सिस पुलांक या फ्रेंच संगीतकारानं तो वाद्यांच्या बरोबरीनं स्वरलिपीत लिहून ठेवला आहे. मात्र तो तालात बसत नाही. प्रार्थना आपल्या संथ लयीत चाललेली असते आणि घाव भलत्याच क्षणी पडतो. पुढचा कधी, याचा अंदाज बांधता येत नाही. दर घावाला गाणाऱ्यांतला एक आवाज गळतो.

त्याच्या या ऑपेराचं, म्हणजे संगीतनाटकाचं, नाव 'दियालोग दे कार्मेलित'. म्हणजे कार्मेल मठातल्या ख्रिस्ती संन्यासिनींचे संवाद.

(काँपिएन्यची जुनी चित्रं.)

गोष्ट खरी घडलेली. काँपिएन्य हे पॅरिसच्या उत्तरेचं गाव. फ्रेंच राज्यक्रांतीनंतरच्या सरकारनं 1792 मध्ये तिथला मठ बंद केला. संन्यासिनींना साधे कपडे घालून गावात राहायला लावलं, पण प्रार्थना त्यांनी सोडली नाही. 1794 च्या जूनमध्ये त्यांना अटक झाली. त्यांना पॅरिसला हलवण्याचा हुकूम आला तेव्हा त्यांचे साधे कपडे धुवायला भिजत पडले होते, असं सांगतात. म्हणून त्या मठाच्याच वेशात निघाल्या. 17 जुलैला सोळा जणींचा शिरच्छेद झाला. वध्यस्थानी त्या गात होत्या. अकराच दिवसांनी क्रांतिकारकांचा नेता रोबेस्पिएर याचं डोकंही गिलोटिनखाली गेलं.

ऑपेराची नायिका ब्लांश मात्र या सोळा जणींत नव्हती. गेरट्रूड फॉन ल फोर्ट या जर्मन लेखिकेनं 1931 च्या आपल्या कथेत तिला जन्म दिला. त्या कथेवरून जॉर्ज बेर्नानोस यांनी चित्रपटासाठी संवाद लिहिले. तेव्हा ते स्वतः आजारी होते आणि 1948 मध्ये गेले. पुलांकनं तेच संवाद संगीतात बांधले.

ब्लांश खानदानी घरातली आणि जन्माची भित्री. सावलीनंसुद्धा दचकणारी. भीतीपासून पळत ती मठात येते, आणि तिथं तिला पहिल्यांदा काय बघावं लागतं? वृद्ध मठप्रमुखांचं मरण. आयुष्यातला प्रत्येक तास ज्यांनी मृत्यूचं चिंतन केलं, त्या बाई अंथरुणावर तडफडतात, ओरडतात. चिंतन काहीच कामाला येत नाही, असं स्वतःच म्हणतात. संतपदाची आस धरलेल्या बाईला असं मरण का यावं?

(दोन तरुण संन्यासिनी, हातात फुलं.)

उत्तर येतं ते एका छोट्या प्रवेशात. माझ्या मते या ऑपेराचा जीव तिथंच आहे. ब्लांश आणि तिची मैत्रीण कॉन्स्तांस मठप्रमुखांच्या थडग्यासाठी फुलांचा क्रूस करत असतात. कॉन्स्तांस सहज बोलून जाते: देवानं चुकून त्यांना दुसऱ्याच कुणाचं मरण दिलं असेल. एखाद्याला चुकून परका कोट हातात द्यावा, तसं. म्हणून ते त्यांना तोकडं झालं, बाह्यासुद्धा धड चढेनात. म्हणजे कुणातरी दुसरीची वेळ येईल तेव्हा तिला त्यांचं मरण मिळेल, आणि ते इतकं सहज अंगात बसेल की तिचं तिलाच नवल वाटेल.

पुलांक इथं वाद्यवृंद अगदी हलका ठेवतो. एकेक शब्द ऐकू यावा, हा त्याचा हट्टच होता. प्रेक्षकांच्या भाषेतच ऑपेरा गायला जावा, असं तो म्हणे. म्हणून 26 जानेवारी 1957 ला मिलानच्या ला स्काला नाट्यगृहात पहिला प्रयोग इटालियनमध्ये झाला आणि पॅरिसमध्ये फ्रेंच प्रयोग जूनमध्ये. त्याच सप्टेंबरात तो सॅन फ्रान्सिस्कोत पोचला. तिथं नव्या मठप्रमुखांची भूमिका लिओंटिन प्राइसनं गायली.

त्या काळातले मोठमोठे संगीतकार जुनी सुरावट मोडत होते. माझ्या संन्यासिनींना सुरातच गाता येतं, त्यांना माफ करा, असं पुलांकनं म्हटलं होतं. दुसऱ्या महायुद्धानंतरचे कितीतरी ऑपेरे चार-दोन प्रयोगांत विस्मरणात गेले. हा जगभरच्या नाट्यगृहांत सतत होत राहिला. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटनमध्ये जॉन डेक्स्टरनं 1977 मध्ये बसवलेला प्रयोग अनेक दशकं टिकला. त्यात अख्खा रंगमंच म्हणजे एक पांढरा क्रूस, आणि पडदा उघडतो तेव्हा त्यावर हात पसरून पालथ्या पडलेल्या संन्यासिनी. बायकांच्या आवाजाला इतक्या भरीव भूमिका क्वचितच मिळतात, त्यामुळे संगीतविद्यालयांतही तो आवर्जून बसवला जातो.

(पुन्हा तेच गाणं.)

प्रत्यक्षात सगळ्यात धाकटी कॉन्स्तांस आधी गेली होती आणि मठप्रमुख शेवटी. पुलांकच्या ऑपेरात हा क्रम उलटा आहे. 'साल्वे रेजिना' हे मेरीमातेचं लॅटिन स्तोत्र गात नव्या मठप्रमुख पहिल्या जातात. एकेक आवाज तुटत शेवटी कॉन्स्तांस एकटी उरते. तेवढ्यात गर्दीतून ब्लांश पुढं येते. मठातून पळून गेलेली, कुणीही न पकडलेली ब्लांश. तिला पाहून कॉन्स्तांसचा चेहरा उजळतो. घाव पडतो.

ब्लांश शांतपणे पायऱ्या चढते. 'वेनी क्रेआतोर' या दुसऱ्या लॅटिन स्तोत्राचं शेवटचं कडवं तिच्या एकटीच्या आवाजात. त्यात 'युगानुयुगे' हे शब्द दोनदा येतात. दुसऱ्यांदा ते पुरे होत नाहीत.

गर्दी हळूहळू पांगते.