आधी खालचा जबडा पाहा

दृश्य: स्वयंपाकघर. ताटात बाजरीची भाकरी, वाटीत आमटी. एक थकलेला हात भाकरी आमटीत कुस्करतो आहे.

निवेदन:

दात गेले की माणूस भाकरी कुस्करायला लागतो. मग शेंगदाण्यांचं कूट करावं लागतं, पेरू बंद होतो, कणीस आवडत असलं तरी नातवंडांच्या हातात द्यावं लागतं. कवळी आली की यातलं थोडंफार परत मिळतं. वरच्या कवळीवर बहुतेकांचं निभतं, कारण ती टाळूभर पसरून बसते आणि लाळेचा पातळ थर तिला धरून ठेवतो. खालच्या कवळीला टाळूचा आधार नाही. अरुंद हिरडीवर ठेवलेली ती एक अर्धगोल पट्टी असते. जीभ हलली, गाल हलला की तीही हलते. कितीतरी घरांत वरची कवळी तोंडात असते आणि खालची डबीत.

सगळे दात इम्प्लांटवर, म्हणजे जबड्याच्या हाडात बसवलेल्या टायटॅनियम धातूच्या स्क्रूंवर, बसवून घ्यायचे म्हणून जे चौकशी करत आहेत, त्यांना आमचं पहिलं सांगणं हेच: आधी खालच्या जबड्याचा निर्णय घ्या. दोन्ही जबड्यांना एकच उपाय लागतो असं नाही, आणि दोन्हीकडे सारखा खर्च करावा लागतोच असंही नाही.

दृश्य: जबड्याचा एक्स-रे. डॉक्टरांचं बोट हाडाच्या कडेवरून फिरतं.

निवेदन:

दात असतो तोवर त्याच्या भोवतीचं हाड टिकून राहतं. दात गेला की ते झिजत जातं. टालग्रेन या संशोधिकेनं पूर्ण कवळी वापरणाऱ्या रुग्णांच्या जबड्यांची 25 वर्षांपर्यंत मोजमापं घेतली आणि 1972 मध्ये ती मांडली. खालच्या जबड्याची झीज वरच्यापेक्षा साधारण 4 पट निघाली. कवळी पाच-सहा वर्षांनी सैल का होते, दरवेळी नवी करूनही ती का बसत नाही, याचं कारण या झिजेत आहे. दोष दरवेळी कवळी बनवणाऱ्याचा नसतो.

या हाडात टायटॅनियम पक्कं बसतं, हे कळलं ते दातांच्या दवाखान्याबाहेर. स्वीडनमधल्या लुंड इथं 1952 मध्ये पेर-इंगवार ब्रोनेमार्क सशांच्या हाडातला रक्तप्रवाह पाहत होते. त्यासाठी हाडात बसवलेली टायटॅनियमची नळी प्रयोगानंतर निघेना, कारण हाड तिला घट्ट चिकटलं होतं. 1965 मध्ये गोथेनबर्गमध्ये त्यांनी गोस्टा लार्सन या माणसाच्या जबड्यात असे इम्प्लांट बसवले. लार्सन 2006 मध्ये वारले, तोवर ते इम्प्लांट त्यांच्या कामी येत होते. जबडा कोणता? खालचाच.

दृश्य: टेबलावर कवळी उलटी ठेवलेली. आतल्या बाजूला दोन छोट्या गोल खोबण्या.

निवेदन:

आता ज्या पर्यायाची जाहिरात सहसा दिसत नाही, त्याकडे येऊ. खालच्या जबड्यात पुढच्या बाजूला फक्त दोन इम्प्लांट बसवायचे. त्यांच्या डोक्यावर छोटे गोल खुंट असतात आणि कवळीच्या आत त्यांना जुळणाऱ्या खोबण्या. कवळी टिचबटणासारखी टक् करून बसते आणि झोपताना हातानं काढता येते. 2002 मध्ये कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात जमलेल्या तज्ज्ञांनी एकमतानं सांगितलं होतं, की दात नसलेल्या खालच्या जबड्यासाठी नुसती कवळी हा आता पहिला पर्याय मानू नये. दोन इम्प्लांटवरची कवळी हा पहिला पर्याय असावा. या गोष्टीला दोन दशकं उलटून गेली. तरीही ‘सगळे दात गेलेत’ असं म्हणत दवाखान्यात शिरलेल्या कित्येकांपुढे एकदम पक्क्या बत्तिशीचं भलं मोठं अंदाजपत्रक ठेवलं जातं, याचं आम्हाला वाईट वाटतं. दोन इम्प्लांटचा खर्च त्याच्या कितीतरी खाली असतो. आतले नायलॉनचे छोटे तुकडे झिजले की बदलावे लागतात, पण ते किरकोळ काम आहे.

पक्के दात हवेसे वाटणं चुकीचं आहे का? मुळीच नाही. काढघाल नको, टाळू मोकळा हवा, चव नीट लागावी, चारचौघांत निर्धास्त हसता यावं, या खऱ्या गरजा आहेत. त्यासाठी सध्या सर्वाधिक नाव ऐकू येतं ते ऑल-ऑन-फोरचं, म्हणजे एका जबड्याचे सगळे दात चार इम्प्लांटवर. लिस्बनच्या पाउलो मालो यांनी या पद्धतीचे खालच्या जबड्याचे निष्कर्ष 2003 मध्ये आणि वरच्याचे 2005 मध्ये प्रसिद्ध केले. पुढे दोन इम्प्लांट सरळ, मागचे दोन 45 अंशांपर्यंत तिरके. तिरके का, तर वरच्या जबड्यात मागे सायनसची पोकळी येते आणि खालच्या जबड्यात संवेदनेची नस. तिरपा इम्प्लांट या दोघांना चुकवून पुढच्या भक्कम हाडात रुततो, त्यामुळे पुष्कळदा हाड वाढवण्याची शस्त्रक्रिया टळते.

या पद्धतीत इम्प्लांट बसवले त्याच दिवशी दात मिळतात असं सांगतात, ते खरं. पण ते तात्पुरते, बहुधा प्लास्टिकसारख्या अ‍ॅक्रिलिकचे असतात. इम्प्लांट पुरेसे घट्ट बसले, तरच ते लावता येतात. हाड जुळायला पुढे काही महिने लागतात आणि तोवर मऊच खावं लागतं. कायमचे दात त्यानंतर बसतात.

इम्प्लांट चार की सहा? अभ्यासांमध्ये दोन्हींच्या यशात मोठा फरक दिसलेला नाही. चारातला एक निकामी झाला तर उरलेल्या तिघांवर सगळा भार टाकणं अवघड, म्हणून काही डॉक्टर सहा बसवतात. वरच्या जबड्याचं हाड मऊ असतं, तिथं हा विचार अधिक रास्त वाटतो. वर हाडच उरलं नसेल, तर गालाच्या हाडात लांब इम्प्लांट घालता येतात. ती मोठी शस्त्रक्रिया आहे, रोज करणाऱ्या हातांकडूनच करून घ्यावी.

शहरातल्या फलकांवर ‘तीन दिवसांत पक्के दात’ असंही वाचायला मिळतं. हे वेगळ्या जातीचे स्क्रू, हाडाच्या कठीण कवचात रुतवलेले. नेहमीच्या इम्प्लांटइतका दीर्घकाळचा पुरावा त्यांच्यामागे नाही, हे फलकावर लिहिलेलं नसतं. आणि हलणारा प्रत्येक दात काढण्यालायक नसतो. हिरडीच्या उपचारांनी वाचणारे दात सरसकट उपटून नवी बत्तिशी बसवायला कुणी सुचवलं, तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्याच.

दृश्य: वॉशबेसिनपाशी एक आजी. हातात बारीक ब्रश. हात किंचित थरथरतो.

निवेदन:

कायमचे दात कशाचे? झिर्कोनिया हे पांढरं सिरॅमिक दिसायला सुंदर आणि टणक, पण तडा गेला तर दुरुस्ती जवळपास अशक्य. अ‍ॅक्रिलिक झिजतं, टवका उडतो, पण दुरुस्त होतं. याहून मोठा प्रश्न सफाईचा. पक्क्या बत्तिशीखाली अन्न अडकतं आणि ते रोज बारीक ब्रशनं किंवा पाण्याच्या फवाऱ्यानं काढावं लागतं. ते राहून गेलं तर इम्प्लांटभोवतीची हिरडी सुजते, पू होतो, हाड जातं. ज्यांचा हात कापतो, ज्यांना अर्धांगवायू झाला आहे, ज्यांचे दात सुनेला किंवा मुलीला घासून द्यावे लागतात, त्यांच्यासाठी काढता येणारे दात अनेकदा अधिक सुखाचे ठरतात. आज साठीत असलेल्यांनीही ऐंशीतल्या स्वतःचा विचार करूनच ठरवावं.

मधुमेह ताब्यात नसेल तर आधी तो आणा. मिश्री, तंबाखू, विडी सोडावी लागेल. मिश्रीनं दात घासणाऱ्या आपल्या आयाबायांना हे कुणीतरी शेजारी बसून समजावून सांगायला हवं. हाडं ठिसूळ झाल्यावरची औषधं किंवा इंजेक्शनं चालू असतील, मान-जबड्याला रेडिएशन झालं असेल, तर डॉक्टरांना आवर्जून सांगा, त्यानं सगळा बेत बदलू शकतो.

मुंबईत आणि नागपुरात सरकारी दंत महाविद्यालयं आहेत, मुंबई सेंट्रलला महापालिकेचं नायर दंत महाविद्यालय आहे. खासगी अंदाजपत्रकावर सही करण्याआधी अशा ठिकाणी जबडा दाखवून या. जबड्याचा त्रिमितीय स्कॅन झाल्याशिवाय किती इम्प्लांट लागतील हे कुणी ठामपणे सांगत असेल, तर थांबा. काम झाल्यावर इम्प्लांटची कंपनी, मॉडेल, व्यास आणि लांबी लिहिलेलं कार्ड मागून घ्या. दहा वर्षांनी एखादा स्क्रू सैल झाला आणि तुमचे डॉक्टर तोवर निवृत्त झालेले असले, तर नव्या डॉक्टरांना नेमकी कोणती चावी लागेल, ते त्या कार्डावरूनच कळेल.