गुरांमागे गेलेली शाळा

थांबा, हिला हाक मारू नका.

चार वर्षांची ही पोर मघापासून पायवाटेवर उकिडवी बसली आहे. आई चार पावलांवर उभी. पावसाची सर नुकतीच येऊन गेली, ओल्या मातीवर पैसा किडा निघालाय. काही ठिकाणी याला वाणी म्हणतात. तिनं गवताच्या काडीनं त्याला हळूच डिवचलं आणि क्षणात त्याचं गरगरीत वेटोळं झालं. आता तो पुन्हा उलगडतो कधी, याची ती वाट बघते आहे.

अशी वाट बघू देणारी शाळा आपल्याकडे होऊन गेली.

ताराबाई मोडक माँटेसरी पद्धतीच्या, म्हणजे मुलांना वस्तू हाताळत स्वतः शिकू देणाऱ्या पद्धतीच्या अभ्यासक. गुजरातेत भावनगरला बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेकांबरोबर त्यांनी काम केलेलं. १९४५ साली त्यांनी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं, सोबतीला अनुताई वाघ. पुढे हे काम डहाणूजवळ कोसबाडच्या टेकडीवर गेलं. माँटेसरीची महागडी साधनं खेड्यात आणायची कुठून? मग बिया, खडे, पानं, शंख-शिंपले हेच साहित्य झालं. मोजायचं यांनीच, लहान-मोठं लावायचं यांनीच. वारली पाड्यांतली मुलं मात्र शाळेत येईनात. येणार कशी? दिवस उजाडला की गुरं घेऊन रानात जायचं असायचं. तेव्हा शाळाच त्यांच्यामागं कुरणात गेली. तीच कुरणशाळा. आणि धाकट्यांसाठी पाड्याच्या अंगणात भरायची ती अंगणवाडी. हे नाव पुढे देशभर गेलं.

आज बालवाडीच्या आवारात पेव्हर ब्लॉक बसले की आपण म्हणतो, झालं स्वच्छ. मला ते बघवत नाही. हातभर जागा तरी मातीची ठेवा हो! तिथे तेरडा उगवू दे. पाऊस सरत आला की त्याचं टपोरं बोंड मुलाच्या चिमटीत द्या. फट्‌! बिया उडतात, सालीची गुंडाळी होते, मूल दचकतं, हसतं, आणि लगेच दुसरं बोंड शोधायला लागतं. सोबत मोठं माणूस हवंच. दगड उचलायचा तर आधी काठीनं हलवून, खाली विंचू असू शकतो. पण ‘शी, घाण, हात लावू नको’ एवढं आवरा.

हे बघा, वेटोळं सैल झालं. आधी मिशा बाहेर आल्या, मग पायांची लाट.

“आई, याला पाय किती?”

आई खाली बसते. दोघी मोजायला लागतात.