हंटिंग्टन आजार आणि मुलांचं वागणं

नमस्कार श्रोतेहो. आठवी-नववीतला मुलगा अभ्यासात मागे पडतो, अक्षर बिघडतं, चाल ताठरते, काही सांगितलं की अंगावर येतो. शाळा म्हणते शिस्त लावा, नातेवाईक म्हणतात वयच तसं आहे. पण वडिलांचे हातपाय आपोआप हलत असतील, किंवा आजोबांना ‘शेवटी वेड लागलं होतं’ असं घरात बोललं जात असेल, तर मुलाला मेंदुविकारतज्ज्ञांना दाखवा. हा हंटिंग्टन आजार, म्हणजे आईवडिलांकडून येणारा आणि मेंदू हळूहळू झिजवणारा आजार, असू शकतो.

चौथ्या गुणसूत्रावरच्या एका जनुकात सी-ए-जी ही जनुकाच्या लिपीतली तीन अक्षरं लागोपाठ पुन्हा पुन्हा येतात. ती 40 किंवा जास्त वेळा आली की आजार होतो. विशीच्या आत लक्षणं दिसणाऱ्या मुलांत हा आकडा बहुधा 60 च्या वर असतो. वडिलांकडून येताना तो वाढण्याची शक्यता जास्त, त्यामुळे कधी मुलाचंच निदान वडिलांच्या आधी होतं. मोठ्यांत दिसणाऱ्या नाचल्यासारख्या हालचाली मुलांत कमी असतात, ताठरपणा जास्त. म्हणूनच आजार ओळखू येत नाही.

काम सुरू करणं, थांबवणं, वाट पाहणं, एका विचारावरून दुसऱ्यावर जाणं हे मेंदूचा जो भाग सांभाळतो, तोच इथे झिजतो. मुलगा तासभर पलंगावर बसून राहतो, कारण त्याला सुरुवातच करता येत नाही. आपण बदललोय हेही त्याला अनेकदा जाणवत नाही. अशा वेळी त्याच्याशी वाद घालू नका. तुमची सांगायची पद्धत बदला.

‘आंघोळ कर, कपडे घाल आणि जेवायला ये’ असं एका दमात सांगू नका. एकच गोष्ट सांगा आणि मनात दहा आकडे मोजा; उत्तर यायला तेवढा वेळ लागतो. ‘काय खाशील?’ यापेक्षा ‘पोहे की उपमा?’ हे सोपं. दिनक्रम ठरलेला ठेवा. लग्नाला जायचंय हे आठवडाभर आधी सांगितलं, तर तो दर तासाला तेच विचारत राहील.

रागाचा झटका आला की तारीख, वेळ आणि आधी काय घडलं ते वहीत लिहा. पुष्कळदा मागे भूक, बद्धकोष्ठता, दातदुखी किंवा अपुरी झोप निघते, आणि ते त्याला सांगता येत नाही. या मुलांना उष्मांक जास्त लागतात, वजन उतरतं. दोन जेवणांच्या मध्ये खायला द्याच. घास गिळताना ठसका लागत असेल तर पदार्थ मऊ करा आणि डॉक्टरांना सांगा. झटका आलेला असताना दोन पावलं मागे व्हा, आवाज खाली आणा, हात धरू नका. लगेच माफी मागायला लावलंत, तर पुन्हा भडका उडेल.

राग आवरायला दिलेल्या काही औषधांनी ताठरपणा वाढतो. तसं वाटलं तर डॉक्टरांना कळवा, मनानं औषध थांबवू नका. उदासी हा आजाराचाच भाग आहे आणि तिच्यावर औषध आहे. जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येतात का, हे त्याला थेट विचारा. विचारल्यानं ते विचार वाढत नाहीत. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक चोवीस तास चालू असतो.

परीक्षेत लेखनिक आणि जादा वेळ मिळावा म्हणून शाळेकडे लवकर अर्ज करा. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात मज्जासंस्थेच्या दीर्घकालीन आजारांचा समावेश आहे.

उरतात भावंडं. प्रत्येकाला हा दोष मिळण्याची शक्यता निम्मी. तरीही लक्षणं नसलेल्या मुलाची 18 वर्षांआधी जनुक तपासणी करू नये. जाणून घ्यायचं की नाही, हे त्यानं मोठेपणी समुपदेशकाशी बोलून ठरवायचं असतं.