48 गोल काजं

[पडदा काळा. फक्त आवाज: जाड लोकरी कापडातून मेण लावलेला दोरा ओढला जातोय. एकदा. पुन्हा एकदा.]

बनातीतून दोरा जातो तेव्हा असा आवाज येतो. बनात म्हणजे लोकरीचं घट्ट, जाड कापड. मराठेशाहीच्या दफ्तरांत हा शब्द जागोजागी भेटतो. विलायती गलबतांतून उतरणारी बनात आपल्याकडे मानाच्या पोशाखात जायची. ती जिथे विणली जायची त्या युरोपात मात्र 1520 च्या सुमारास साधा भाडोत्री शिपाई ती अंगावर घालून चिखल तुडवत होता.

[दृश्य: टेबलावर तांबडी बनात, तिच्यावर खडूच्या रेघा, शेजारी मोठी कात्री.]

या शिपायाला म्हणत लांड्सक्नेश्ट. सम्राट पहिला मॅक्सिमिलियन याने 1480 च्या दशकात स्विस पायदळाचा कित्ता गिरवत जर्मन मुलखात ही पथकं उभी केली. हातात साडेचार-पाच मीटर लांबीचा भाला, महिन्याला 4 गुल्डेन पगार, आणि कपडे ज्याचे त्याचे. गणवेश नव्हताच. हजेरीच्या दिवशी प्रत्येकाने आपलं हत्यार आणि आपले कपडे घेऊन उभं राहायचं. त्यामुळे कुणाची किती कमाई, कुणी किती लुटलं, कुणाला किती मिरवायचंय, हे सगळं अंगावरच्या कापडात दिसायचं.

[दृश्य: मिंडेलहाइम. गल्ली, वेस, मागे टेकडीवरचा किल्ला.]

हे बव्हेरियातलं मिंडेलहाइम. लांड्सक्नेश्टांचा सर्वांत नावाजलेला सेनानी गेओर्ग फॉन फ्रुंड्सबर्ग इथलाच. 1473 साली जन्मला, 1528 साली वारला. 24 फेब्रुवारी 1525 ला इटलीत पाव्हियाजवळ फ्रान्सचा राजा पहिला फ्रान्स्वा कैद झाला, त्या लढाईत फ्रुंड्सबर्गची माणसं लढली. त्याच्या नावाचा उत्सव दर 3 वर्षांनी या गावात भरतो. भालेकरी, ढोलकरी, सुतार, सैपाकी, सगळे त्या काळच्या कपड्यांत रस्त्यावर उतरतात.

मी इथून जवळच राहतो. नोकरी संगणकावरची, पण घर शिंप्याचं. मिरजेत बाबांचं दुकान होतं. चौथीत असताना मी शर्टाला बटणं लावायला शिकलो. माझ्या ऑफिसातला एक मित्र अशाच एका हौशी पथकात भाला धरतो. त्याने तयार पोशाख विकत आणला होता: चकचकीत पॉलिएस्टरचा मखमलीसारखा अंगरखा, पाठीला चेन. एका शिबिरात शेकोटीची ठिणगी उडून बाहीवर पडली आणि कापड वितळून मनगटाला चिकटलं. तो डाग अजून आहे. लोकर अशी वितळत नाही. ठिणगी पडली तर करपते, वास सोडते आणि विझते.

दुसऱ्या दिवशी त्याने मला विचारलं, "तू शिवशील?"

मी हो म्हणालो. मग लक्षात आलं, 500 वर्षांपूर्वीचा माणूस कपड्यांच्या आत कसा होता, हे मला कुठे माहीत आहे?

[दृश्य: काष्ठचित्रांच्या, म्हणजे लाकडी ठशाने छापलेल्या चित्रांच्या प्रती एकामागून एक. फाटक्या-चिरलेल्या बाह्या, पिसांच्या टोप्या.]

बाहेरून तो कसा दिसायचा ते सापडतं. एरहार्ड श्यॉन, नीक्लास श्ट्योर यांनी 1530 च्या आसपास या शिपायांची कितीतरी काष्ठचित्रं केली. आउग्सबुर्गला माथेउस श्वार्त्स नावाचा माणूस होता, फुगर या सावकार घराण्याचा हिशेबनीस. त्याने आयुष्यभर आपल्या कपड्यांची चित्रं काढून घेतली आणि शेजारी नोंदी ठेवल्या. एका पांढऱ्या अंगरख्याची नोंद आहे: 4,800 चिरा. हिशेबनीसच तो, मोजल्याशिवाय कसा राहील! पण तो पेढीवरचा माणूस, आपला माणूस शिपाई. आणि चित्र कितीही बारीक असलं तरी अस्तर दाखवत नाही.

आतली बाजू बघायची तर प्रत्यक्ष कपडेच लागतात, आणि ते फार थोडे उरलेत. स्वीडनमध्ये 24 मे 1567 ला राजा चौदावा एरिक याच्या कैदेत सरदार स्वांते स्तुरे आणि त्याची दोन मुलं मारली गेली. त्यांच्या अंगावरचे कपडे मार्ता लेयोनहुवुद या बाईने, स्वांतेच्या बायकोने, पेटीत जपून ठेवले. ते तीन पोशाख आज उप्सालाच्या कॅथेड्रलमध्ये आहेत. नवरा आणि दोन मुलं गेलेल्या बाईने ते कपडे टाकून दिले नाहीत, म्हणून आज आपल्याला सोळाव्या शतकातल्या पुरुषी कपड्याची शिवण बघायला मिळते. जॅनेट अर्नोल्ड या इंग्रज अभ्यासक बाईंनी अशा उरलेल्या कपड्यांवर वाकून, टाका न् टाका मोजून कागदी कटिंग तयार केली. 1985 साली ती छापून आली. आज जगात कुणीही हे काम मनापासून करत असेल, तर अर्नोल्डबाईंचं ऋण त्याच्यावर असतंच.

[दृश्य: पांढरं लिननचं कापड. हात ते चौकोनांत फाडतायत.]

सुरुवात सदऱ्यापासून. पांढरं लिनन. कात्रीला गोलाई माहीतच नाही, सगळे चौकोन आणि आयत. अंग एक आयत, बाह्या दोन, बगलेत चौकोनी कळी, गळ्याला चुण्या. आपल्याकडचं झबलं किंवा जुना कुडता कापणाऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही. एक चिंधी वाया जात नाही. पाव्हियाच्या आदल्या रात्री बादशाही फौज, म्हणजे फ्रुंड्सबर्गची बाजू, अंधारात निघाली, तेव्हा आपला-परका ओळखू यावा म्हणून शिपायांनी पांढरे सदरे वरून चढवले होते. अशा छाप्याला युरोपात 'कामिसाद' म्हणतात, आणि त्यातला 'कामिसा' आपल्या खमिसाचा सोयरा आहे.

[दृश्य: अंगरख्याचे थर उलगडून ठेवलेले: बनात, जाड लिनन, पातळ लिनन.]

सदऱ्यावर 'वाम्स'. कमरेपर्यंतचा घट्ट अंगरखा. बाहेर बनात, आत अस्तर, आणि दोन्हींच्या मध्ये राठ लिननचा थर, छातीवर दाट टाक्यांनी जखडलेला. खरं काम हा मधला थर करतो. का, ते विजारीकडे बघितल्यावर कळतं.

विजारीला म्हणतात 'होझन'. तिला नाडी नाही, पट्टा नाही. ती वाम्सला बांधतात. वाम्सच्या कडेला छिद्रं, होझनच्या कडेला छिद्रं, दोन्हींतून दोरी ओवून गाठ. दोरीच्या टोकांना पितळी पत्र्याच्या नळ्या असतात, म्हणजे ओवायला सोपं जातं. या दोरीला जर्मनमध्ये 'नेस्टेल' म्हणतात. मी आपला 'बंद' म्हणतो. बाराबंदी डोळ्यांसमोर असणाऱ्याला दुसरा शब्द कशाला हवा? फरक एवढाच की बाराबंदीचे बंद छातीवर मिटतात, आणि हे 12 बंद अख्खी विजार तोलून धरतात. विजारीचा भार, चालण्याचा हिसका, वाकण्याचा ताण, सगळं त्या छिद्रांवर येतं. मधला थर नसेल तर बनात ताणत जाते आणि दुपारपर्यंत विजार खाली.

[दृश्य: उसवलेली विजार. मागच्या शिवणीपासून मांडीपर्यंत गेलेली फाट.]

ही माझी पहिली होझन. चार संध्याकाळी खपून शिवली. मित्राने घातली, भाला उचलायला वाकला, आणि आवाज झाला. शिवण उसवली असती तर दुरुस्त केली असती. कापडच फाटलं होतं.

रात्री बाबांना व्हिडिओ कॉल लावला. फाट दाखवली. ते चष्मा वर करून बघत राहिले.

"धागा कुठल्या बाजूला धरलास?"

"उभा, बाबा. पँटीला धरतो तसाच."

"पँटीला प्लेट असते, सैल असते. ही तर पायाला चिकटलेली दिसते. उभ्या धाग्यावर कापलीस तर ती लवणार कुठून? उरेब घे. आणि कापड भिजवलं होतंस का आधी?"

भिजवलं नव्हतं.

[दृश्य: बनातीवर कागदी कटिंग तिरकं फिरवून ठेवलेलं.]

उरेब म्हणजे तिरका काट. उभ्या आणि आडव्या धाग्याच्या कर्णावर कापड ओढून बघा. विणलेलं कापडसुद्धा रबरासारखं लांबतं आणि परत येतं. पायाला चिकटून बसणारी जुनी होझन अशीच तिरकी कापायचे. मी हे वाचलं होतं. वाचून पुढे गेलो होतो. कापड जास्त जातं म्हणून कंजूषपणा केला, आणि मिरजेत बसलेल्या, लांड्सक्नेश्ट हा शब्दही न ऐकलेल्या माणसाने फाट बघून चूक सांगितली.

तिरकं कापलं की कोपऱ्यात कापड कमी पडतं. मग मांडीच्या आत, दिसणार नाही अशा जागी जोड द्यायचा. जोड दिसला की आजचा ग्राहक नाक मुरडतो, पण त्या काळच्या कपड्यांत असे जोड सापडतात. कापड महाग, मजुरी स्वस्त. चार बोटांचा तुकडासुद्धा कुणी फेकत नव्हतं.

[दृश्य: आरी. लाकडी मूठ, टोकदार पोलादी दांडी. अगदी जवळून.]

आता हे बघा. सगळ्या पोशाखात मला सर्वांत आवडलेलं काम.

छिद्र पाडायला कात्री लावायची नाही. कात्रीने धागे तुटतात, आणि तुटलेला धागा भार घेत नाही. त्याऐवजी आरी घ्यायची, चांभाराकडे असते तशी, पण गोल दांडीची. ती तिन्ही थरांत रोवायची आणि हळूहळू फिरवायची. धागे तुटत नाहीत, बाजूला सरकतात. गर्दीत कुणी वाट मागितली की माणसं सरकतात तसे. मग आरी काढायची आणि धागे परत जागेवर यायच्या आत मेण लावलेल्या लिननच्या दोऱ्याने गोल टाके घालायचे. तीन-चार टाक्यांनंतर पुन्हा आरी फिरवायची. पुन्हा टाके. शेवटी उरतं एक गोल काज, आतला प्रत्येक धागा शाबूत असलेलं.

एका काजाला माझी 10 मिनिटं जातात. 12 बंद, प्रत्येकाला वाम्सवर 2 आणि होझनवर 2. म्हणजे 48 काजं, 8 तास. बाजारात छिद्राला धातूची कडी ठोकून मिळते, एक मिनिटाचं काम. पण कडी बसवायला कापड कापावं लागतं, आणि ताण आला की ती कापडासकट उपटून येते. हे मी मित्राच्या जुन्या पोशाखात बघितलंय.

काज हा शब्दही दूरचा प्रवास करून आलेला. पोर्तुगीजमध्ये 'काझा' म्हणजे घर, बटणाचं घर. इस्त्रीही त्यांच्याकडूनच आली, फीतही. 1510 साली अफोंसो द अल्बुकर्कबरोबर गोव्यात उतरलेल्या शिपायांच्या अंगावरही याच घराण्यातले कपडे होते: बंदांनी एकमेकांना बांधलेला अंगरखा आणि विजार. कोकणच्या उन्हात, लोकरीत.

[दृश्य: वाम्सची बाही. कात्रीचं टोक बनातीवर टेकलेलं. थांबलेलं.]

चिरा मी शेवटी ठेवल्या. शिवलेल्या बाहीला कात्री लावायची म्हणजे हात थरथरतो.

या चिरांची एक गोष्ट सांगतात. 1476-77 मध्ये स्विस शिपायांनी बर्गंडीच्या ड्यूकची, चार्ल्स द बोल्डची छावणी लुटली आणि त्याच्या रेशमाच्या चिंध्यांनी आपले फाटके कपडे भरले, तिथून ही फॅशन निघाली. गोष्ट झकास आहे. पण बाही शिवून, चिरून, घालून बघितल्यावर मला दुसरं कारण जास्त पटतं. घट्ट बनातीच्या बाहीत कोपर वाकत नाही. कोपरावर आडवी चीर दिली की लगेच वाकतं, आणि आतला पांढरा सदरा फुगून बाहेर येतो. आधी सोय, मग शोभा, मग त्या शोभेचा अतिरेक. 4,800 पर्यंत.

कापलेली कड दुमडायची नाही, तिला टाका नाही. चांगली बनात विणल्यावर पाण्यात कुटून कुटून आटवलेली असते. तंतू एकमेकांत असे गुंततात की कड सुटत नाही. दुकानात मी अंगठ्याने कापडाची कड घासून बघतो. धागे सुटले तर ते कापड परत. या एका चाचणीत मी पाच दुकानांतून रिकाम्या हाताने बाहेर पडलो. सहाव्यात मिळालं, आणि या खेपेला ते रात्रभर भिजवून ठेवलं.

[दृश्य: पहाट. गवतावर दव. तंबूसमोर मित्र सदऱ्यात उभा.]

हा पोशाख एकट्याने चढवता येत नाही. पुढचे बंद तो स्वतः बांधतो. पाठीमागचे मी. पितळी टोक काजातून जातं तेव्हा बारीक टिक् असा आवाज होतो. एक, दोन, तीन. दहाव्याला मी थांबलो, कारण काष्ठचित्रांतले शिपाई आठवले. कितीतरी जणांचे पाठचे बंद सुटेच असतात. इतकी वर्षं मला तो गबाळेपणा वाटायचा.

"शेवटचे दोन राहू देत," तो म्हणाला. "वाकायचंय मला."

तो वाकला. भाल्याखाली हात घातला, पाच मीटरचं लाकूड दवातून उचललं आणि खांद्यावर घेतलं. पाठीवर वाम्स आणि होझनच्या मध्ये वीतभर पांढरा सदरा दिसत होता.

[आवाज: दुरून ढोल. पावलं गवतातून रस्त्यावर येतात.]