ताप उतरला, तरी खोगीर नको

कटरा, जम्मू. जून २००८. वैष्णोदेवीच्या यात्रेचा ऐन सीझन. आपल्याकडूनही ट्रेन भरभरून माणसं जातात तिकडे, आणि ज्यांना तो बारा-तेरा किलोमीटरचा चढ झेपत नाही ती घोड्यावर नाहीतर खेचरावर बसतात. त्याच सीझनमध्ये तिथल्या जनावरांना खोकला लागला. आधी एकाला, मग शेजारच्याला, मग रांगच्या रांग खोकायला लागली.

कोरडा, खोलातून येणारा ठसका. नाकातून आधी पाणी, मग घट्ट पिवळा शेंबूड, अंग तापलेलं, आणि पुढ्यात चंदी, म्हणजे दाणा, ठेवली तरी तोंड लावत नाही. हा घोड्यांचा फ्लू, विषाणू एच३एन८. आपल्या देशात याआधीची मोठी साथ होती १९८७ ची, मधे वीस वर्षं गेली, त्यात तेव्हाचा आजार काढलेली जनावरं फारशी उरलीच नव्हती, त्यामुळे साथ कटऱ्यात थांबली नाही, कितीतरी राज्यांत गेली. आदल्याच वर्षी ऑस्ट्रेलियात हजारो घोडे असेच आजारी पडले होते, पण तिथं घोड्यांची ने-आण बंद केली, लसी टोचल्या आणि साथ संपवली.

आता असा एक आजारी घोडा बघा. घोडा तोंडाने श्वास घेऊ शकत नाही, फक्त नाकाने घेतो, त्यामुळे नाक चोंदलं की त्याचे हाल होतात. कुशीकडे नजर ठेवा आणि श्वास मोजा. निवांत उभ्या घोड्याचे मिनिटाला आठ ते सोळा होतात, इथं जास्त होतायत. ताप गुदद्वारात थर्मामीटर ठेवून बघायचा, साडेअडतीस सेल्सिअसच्या वर गेला की समजायचं काहीतरी बिघडलंय. या फ्लूत तो एक्केचाळीसपर्यंतही जातो.

आणि तोबरा, म्हणजे दाण्याची पिशवी, काढा. हे मला कळकळीने सांगायचंय. तोंडाला तोबरा बांधला की दाण्याची सगळी धूळ थेट नाकात जाते. चारा जमिनीवर टाका, पाण्यात भिजवून टाका, घोडा मान खाली घालून खाईल आणि छातीतला कफ आपसूक बाहेर गळेल. तबेल्याची दारं-खिडक्या उघडी ठेवा, वारा खेळू दे. घोडा आत असताना झाडू मारू नका.

आजारी घोड्याची बादली वेगळी, लगाम वेगळा, अंग घासायचा खरारासुद्धा वेगळा. आधी निरोगी घोड्यांचं सगळं उरकायचं, आजाऱ्याकडे शेवटी जायचं, मग साबणाने हात धुवायचे, कपडे बदलायचे. हा विषाणू साबणाने मरतो, पण खोकल्यातून हवेत उडाला की लांबच्या घोड्यालाही गाठतो. विषाणूवर अँटिबायोटिक चालत नाही, ते लागतं मागून बॅक्टेरिया शिरले तर, आणि ते डॉक्टरच ठरवतील, मेडिकलवाल्याला विचारून टोचू नका.

खरी कसोटी पुढेच आहे. चार दिवसांत ताप उतरतो, घोडा चंदी खातो, कान टवकारतो, सगळ्यांना वाटतं झाला बरा. पण त्याच्या श्वासनळीच्या आतलं बारीक केसांसारखं अस्तर, जे धूळ आणि कफ वर ढकलतं, ते जळाल्यासारखं झालेलं असतं आणि पुन्हा यायला तीनेक आठवडे लागतात. म्हणून नियम असा, ताप जितके दिवस तितके आठवडे आराम, आणि काही झालं तरी तीन आठवड्यांपेक्षा कमी नाही. त्याआधी पाठीवर माणूस बसवून चढ चढवला तर न्यूमोनिया होऊ शकतो, कधी जन्माचा दम लागतो.

पण ज्याचं हातावर पोट आहे, ज्याच्या घरची चूल त्या घोड्यावर पेटते, त्याने सीझनमधले तीन आठवडे कसे काढायचे? माझं स्पष्ट मत आहे, साथीत सरकारने लसीबरोबर घोडेवाल्याला चारा आणि बुडालेली रोजी पण द्यायला हवी, नाहीतर आजारी घोडा गुपचूप कामाला जुंपला जाणार. आपल्या माथेरानलाही शेकडो घोडे आहेत, तीच शेजारी-शेजारी उभी राहायची पद्धत, तीच लाल धूळ. ताप नसताना, घोडे धडधाकट असताना लस टोचून घ्यायला पाहिजे, साथ दाराशी आल्यावर धावाधाव करून पुरत नाही.

तीनच दिवस ताप आलेल्या घोड्याचा बाविसावा दिवस. खोगीर नाही, पाठीवर कोणी नाही, नुसती दोरी हातात. पन्नास पावलं चालवायचं, थांबायचं. घोडा मान खाली करतो, आपण कान देऊन ऐकायचं. खोकला आला तर मागे वळायचं, परत ठाणावर.