जेवणापुरतं ताट

(दृश्य: वाफाळत्या सूपचा फिकट तपकिरी वाडगा. बाहेरच्या बाजूनं ओलसर डाग हळूहळू पसरतोय.)

हा वाडगा उसाच्या चोथ्याचा. जेवण संपेपर्यंत त्यानं गरम सूप सांभाळायचं आणि नंतर मातीत विरून जायचं. मागण्या दोनच, पण एकमेकींच्या उलट. सूप धरायचं तर पाणी आत शिरता कामा नये. कुजायचं तर पाणी आत शिरलंच पाहिजे, कारण ओलाव्याशिवाय बुरशी आणि जिवाणूंचं काम सुरूच होत नाही. अशी भांडी घडवणाऱ्यांचं सगळं कसब या पेचात पणाला लागतं.

(दृश्य: झाडाखाली पडलेली सुपारीची झावळी.)

कधी कधी अर्धं काम झाडानंच करून ठेवलेलं असतं. सुपारीची वाळलेली झावळी आपोआप गळून पडते. तिच्या बुडाशी खोडाला लपेटलेला रुंद, चिवट भाग असतो, त्याला विरी म्हणतात. ती धुवायची, भिजवून मऊ करायची, तापलेल्या साच्यात दाबायची. ना डिंक, ना लेप. ताट बाहेर येतं ते अंगावर शिरांच्या रेषा घेऊन, आणि एकासारखं दुसरं नसतं. माझ्या मते या सगळ्या खटाटोपातली सर्वात नितळ रचना हीच. फक्त विरीला फार ताणता येत नाही. खोल पेला काढू गेलं की ती फाटते.

खोल आकाराला लगदा लागतो. चोथ्याचे तंतू पाण्यात सुटे करून जाळीच्या साच्यावर ओढून घेतात, दाबून वाळवतात. आकार मनासारखा मिळतो, पण तंतूंच्या फटींतून तेल झिरपतं. ते अडवायला अशा कितीतरी भांड्यांत वर्षानुवर्षं पीफास गटातली रसायनं वापरली गेली. कार्बन आणि फ्लोरिनचा बंध इतका घट्ट, की ही रसायनं निसर्गात जवळपास मोडतच नाहीत. वाडगा कुजला तरी ती खतात उरतात, तिथून मातीत आणि पाण्यात जातात. माती वाचवायला निघालेल्या वस्तूतून हे घडावं, याचं फार वाईट वाटतं. डेन्मार्कनं खाद्यपदार्थांच्या कागद-पुठ्ठ्यात त्यांच्या वापरावर २०२० मध्ये बंदी घातली.

(दृश्य: काचेसारखा पारदर्शक पेला.)

हा पेला पीएलए नावाच्या, वनस्पतींपासून बनणाऱ्या प्लॅस्टिकचा. मक्याच्या स्टार्चची साखर, ती आंबवून लॅक्टिक आम्ल, आणि त्याच्या रेणूंची लांब साखळी. साधारण ६० अंश सेल्सिअसला तो मऊ पडतो, म्हणून उकळतं पेय त्यात ओतता येत नाही. कुजायलाही त्याला जवळपास तेवढीच ऊब हवी. युरोपच्या ईएन १३४३२ या मानकानुसार अशी वस्तू १२ आठवड्यांत इतकी मोडावी लागते, की २ मिलिमीटरच्या चाळणीवर तिचा १० टक्क्यांहून जास्त भाग राहता कामा नये. पण ही परीक्षा मोठ्या खत प्रकल्पातल्या उष्णतेची. घरामागच्या खड्ड्यात तेवढी ऊब टिकत नाही, आणि पेला तसाच पडून राहतो. पेल्यावर ‘कंपोस्टेबल’ छापताना तो कुठे कुजेल, हेही तितक्याच मोठ्या अक्षरांत छापायला हवं.

मग भांडंच खाऊन टाकलं तर? आइस्क्रीमचा कोन हेच करतो. १९०४ च्या सेंट लुईसच्या जागतिक प्रदर्शनानंतर तो घराघरांत माहीत झाला. पिठाचा चमचाही असाच कडक भाजतात, ओलावा जितका कमी तितका तो जास्त टिकतो. पण जे तोंडात जायचं ते स्वच्छ आणि कोरडं राहायला हवं. म्हणजे चमच्याला वेष्टन आलं, आणि ते बहुधा प्लॅस्टिकचं.

समुद्री शेवाळाचा मार्ग वेगळा आहे. त्यातल्या अल्जिनेट या चिकट पदार्थाला कॅल्शियम भेटलं की पातळ, ओलं पटल तयार होतं. २०१९ च्या लंडन मॅरेथॉनमध्ये धावपटूंना अशाच इवल्या पिशव्यांतून पेय दिलं गेलं. हवं तर पिशवीसकट गिळायचं.

(दृश्य: खताचा ढीग. हात वरचा थर बाजूला करतो.)

आत विरीचं ताट आहे. शिरांमधून बुरशीचे पांढरे धागे फिरलेत. कड धरून उचलू गेलं, तर ती हातातच राहते.