‘लीस्ट फेवरेट’ म्हणजे आवडतं की नावडतं?

(तालुक्याच्या सार्वजनिक वाचनालयातील व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

अध्यक्ष महाराज, वाचनालयाचे पदाधिकारी, समोर बसलेले माझे आजी-माजी विद्यार्थी, आणि मागे भिंतीला टेकून उभे असलेले, म्हणजे मधूनच सटकायचं ठरवून आलेले मित्रहो,

पत्रिकेवर विषय भारी छापलाय, ‘इंग्रजीतील नापसंतीची तमभाववाचक रूपे’. ते वाचूनही तुम्ही आलात, याबद्दल आधी आभार. सोपं करून सांगतो. एखादी गोष्ट आवडत नाही हे सांगायला इंग्रजी माणूस ‘सर्वांत’च्या टोकाला जातो. माय लीस्ट फेवरेट. द लास्ट थिंग आय वाँट. आपलं ‘नाई आवडत’ एवढ्यात भागतं. हे दोन वेगळे हिशेब आहेत आणि ते एकमेकांत मिसळले की घोळ होतो, एवढंच माझं म्हणणं.

तुम्ही सगळे ‘चेंज द डिग्री’ करून पास झालेले. मुंबईपेक्षा मोठं शहर नाही हे ‘नो अदर सिटी’ लावून लिहायचं, ‘वन ऑफ द’ दिसलं की ‘व्हेरी फ्यू’. झोपेतून उठवलं तरी येईल. २००० सालापासून तर राज्यात पहिलीपासून इंग्रजी आलं. पण ही सगळी चढण वर जाणारी. खाली उतरायचं कसं, ते शिकवायला व्याकरणाच्या पुस्तकात एकच वाक्य असायचं : ‘ही इज द लास्ट मॅन टू टेल अ लाय’. मी ते फळ्यावर लिहिलं आणि अर्थ विचारला. मागच्या बाकावरचा एक गडी उठला. “सर, तो खोटं बोलणारा शेवटचा माणूस हाये.”

म्हटलं, “म्हणजे रे काय?”

“म्हणजे बोलते सर. पन आधी सगळ्याईचं होऊ देते.”

वर्ग खदाखदा हसला. पण मला सांगा, पोरगं चुकलं कुठं? ‘लास्ट’ हा शब्द मुळात ‘लेट’चाच तमभाव, सर्वांत उशिराचा. रांगेत सगळ्यांत मागे उभा असलेला माणूस रांगेतच असतो. इंग्रजांनी ठरवून टाकलं की इतका मागचा माणूस खिडकीपर्यंत पोचतच नाही, म्हणून तो नसल्यातच जमा, म्हणजे हा माणूस खोटं बोलणारच नाही. ते त्यांचं गृहीत. आपल्या पोरानं रेशनच्या दुकानासमोरची रांग पाहिलेली होती, शेवटच्यालाही थोडं का होईना मिळतं हे त्याला ठाऊक होतं.

आता घरचं सांगतो. आमच्या घरून इथे कोणी आलेलं नाही ना? बरं.

आमची नात पुण्याची, शाळा इंग्रजी. दिवाळीच्या सुटीत आली. आमच्याकडे अंबाडीची भाजी झाली होती. आता अंबाडी म्हणजे काय हे तुम्हाला सांगायला नको, पण सांगतोच, कारण मला सांगायला आवडतं. पाला निवडायचा, उकडून आंबट पाणी पिळून टाकायचं, तुरीची डाळ, ज्वारीच्या कण्या, हिरवी मिरची घालून घोटायचं आणि ताटात वाढल्यावर वरून लसणाची कडकडीत फोडणी. तेल चांगलं ओघळलं पाहिजे. सोबत कांदा, भाकर. तर नातीनं एक घास खाल्ला आणि हसून म्हणाली, “आजी, अंबाडी इज माय लीस्ट फेवरेट हं.”

आजीचं इंग्रजी टीव्हीवरच्या जाहिरातींपुरतं. तिनं त्यातला ‘फेवरेट’ उचलला. मला स्वयंपाकघरातून ओरडून सांगते, “ऐकलं का? पोरीले अंबाडी फेवरेट हाय म्हंते! पुन्यात कुठं भेटते तिले?”

झालं. दुसऱ्या दिवशी अंबाडी. मग भाकरीच्या पिठातही अंबाडी. शेजारणीकडे निरोप गेला, वावरातला कवळा पाला घेऊन ये म्हणून. पोरगी बिचारी ताटाकडे पाही, माझ्याकडे पाही. मी इंग्रजीचा मास्तर, एका वाक्यात सोडवू शकलो असतो. पण रोज अंबाडी मलाही मिळत होती. मी गप्प.

शेवटी पोरीनं धीर केला. “आजी, मला नाही आवडत गं अंबाडी.” आजी म्हणाली, “मंग पह्यल्याच दिवशी सांगाचं ना बाई! मी काय मारत होती?”

इथं खरी गंमत आहे. नातीला शाळेत शिकवलंय की ‘आय डोंट लाइक इट’ म्हणणं उद्धटपणाचं. मग नापसंतीला आवडीच्या यादीत ओढून आणायचं आणि शेपटाशी बसवायचं. समोरच्याचा मान राहतो. आपल्या गोष्टीतल्या राजाला एक आवडती आणि एक नावडती. नावडतीचं मीठ अळणी, विषय संपला. त्या राजानं ‘माझी सर्वांत कमी आवडती राणी’ म्हटलं असतं, तर ती बिचारी आपला नंबर वर सरकेल म्हणून आयुष्यभर वाट पाहत बसली असती. माझ्या मते आपला राजा निर्दयी असेल, पण बोलायला सरळ होता.

आता यादीची दुसरी बाजू. आमच्या सूनबाई शिक्षिका. बदलीसाठी शाळांची नावं पसंतीनं भरायची होती. चार-पाच गावं मनापासून लिहिली. पुढं रकाने रिकामे राहू नयेत म्हणून जी आठवली ती. शेवटच्या ओळीत एक गाव, पावसाळ्यात नाल्याला पूर आला की तिकडची माणसं तिकडं आणि इकडची इकडं. मिळाली तीच शाळा. आदेशात काय लिहिलं होतं? ‘आपण दिलेल्या पसंतीक्रमानुसार’! कार्यालयाचं नाव घेत नाही. सूनबाई तो कागद घेऊन माझ्याकडे आल्या. “बाबा, ही माझी पसंती आहे का?” मी व्याकरण पाहिलं. व्याकरणानं कार्यालय बरोबर होतं, ही माझी खरी पोटदुखी आहे. साहेबांकडे गेलो तर ते म्हणाले, “मास्तर, नको होतं तर लिहिलं कशाला?” यावर मी अजून...

अध्यक्षांची चिठ्ठी आली. पाच मिनिटं. म्हणजे व्याख्यान आता सुरू करतो.

भरभर सांगतो. मराठीत तमभाव नाही असं नाही. संस्कृतातून -तम आला, -इष्ठ आला. श्रेष्ठ, ज्येष्ठ, कनिष्ठ हे सगळे मुळात ‘सर्वांत’वालेच, पण आपण ते इतके वापरून गुळगुळीत केले की ‘कनिष्ठ लिपिक’ म्हणताना कुणाला ‘सर्वांत’ आठवत नाही. नापसंती सांगायला आपण त्यांना सहसा हात लावत नाही. आपण तुलना करतो : दगडापेक्षा वीट मऊ. किंवा निवडच नाकारतो : उडदामाजी काळेगोरे काय निवडावे. म्हणून ‘माझा सर्वांत कमी आवडता विषय’ हे वाक्य मुलांच्या वहीत दिसलं की मी लाल शाई काढत असे. ‘न आवडणारा विषय’ लिही ना बाबा. हां, पाचही विषय आवडतात आणि त्यात भूगोल शेवटी, असं खरंच असेल तर ‘सर्वांत कमी’ चालेल. पण मग ती नापसंती नव्हे.

दुसरं, आणि हे शिक्षक मंडळींसाठी. विधान परिषदेच्या ७८ जागांपैकी ७ शिक्षकांच्या आणि ७ पदवीधरांच्या. आपली अमरावती विभागाची, पाच जिल्ह्यांची. तिथं पसंतीक्रमानं मत द्यायचं असतं. १ हा आकडा लिहिलाच पाहिजे, नाहीतर मत बाद. पुढचे आकडे तुमच्या मर्जीवर. पहिल्या पसंतीत कुणाचा कोटा, म्हणजे निवडून यायला लागणारी ठरलेली मतं, पूर्ण झाला नाही, तर सर्वांत कमी मतांचा उमेदवार बाद होतो आणि त्याच्या मतपत्रिका पुढच्या पसंतीकडे जातात. असं फेरीमागून फेरी. पुष्कळ गुरुजी काय करतात, सगळ्या चौकटी भरतात, उत्तरपत्रिका कोरी सोडायची नाही या सवयीनं. जो अजिबात नको त्याच्यापुढे ५ लिहून येतात आणि बाहेर सांगतात, “त्याले पाचवा देऊन जिरवली.” जिरवली कुठं? पहिले चार बाद झाले तर तुमचं अख्खं मत त्याच्या गठ्ठ्यात. त्या पेटीला ‘लीस्ट फेवरेट’ आणि ‘नावडता’ यातला फरक एकाच रीतीनं कळतो, आकडा आहे की चौकट कोरी आहे.

‘नॉट द बेस्ट’, ‘ॲट बेस्ट’, ‘लीस्ट ऑफ माय वरीज’ हे सगळं राहिलं. आता आभारप्रदर्शनाचे सर उठलेच आहेत, ते ‘लास्ट बट नॉट द लीस्ट’ म्हणून मंडपवाल्याचं नाव घेतील. मंडपवाल्यानं मनाला लावून घेऊ नये.